दोन डेस्कटॉप प्रोसेसरची तुलना: काय समान ठेवायचे, काय मोजायचे

एएमडीचे दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहा. रायझन ७ ५८००एक्स नोव्हेंबर २०२० मध्ये आला, रायझन ७ ५८००एक्स३डी एप्रिल २०२२ मध्ये. दोघांत ८ कोअर (हिशेब करणारे स्वतंत्र भाग) आणि १६ थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारी कामे), दोघांची रचना झेन ३, दोघे एएम४ सॉकेटात बसतात. पहिल्याचा कमाल क्लॉक (सेकंदाला पडणारे ठोके) ४.७ गीगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.५. कागदावर पहिला सरस दिसतो आणि ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (चित्र तयार करण्याचे काम) लावला तर तो खरोखरच काही टक्क्यांनी पुढे राहतो. पण बरेच गेम लावले की चित्र उलटते. दुसऱ्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच वेगवान साठवण) ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट आहे. कोअरला हवी ती माहिती या कॅशमध्ये सापडली तर क्लॉकच्या साधारण ५० ठोक्यांत हाती येते. ती रॅममधून आणायची झाली तर ३०० च्या आसपास ठोके वाट पाहावी लागते. ४.५ गीगाहर्ट्झचा प्रोसेसर ३०० ठोके थांबला, तर त्या वेळात त्याचा क्लॉक किती आहे याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून ‘वेगवान कोणता’ या प्रश्नाला कामाचे नाव जोडल्याशिवाय उत्तर नसते. आणि ज्या परिस्थितीत आकडा मिळाला ती सोबत लिहिलेली नसेल, तर त्या आकड्याचाही उपयोग नाही. पुढची सगळी खटपट या दोन गोष्टींसाठी आहे.

पहिली पायरी: कामाची यादी

तुम्ही संगणकावर ज्या कामांची वाट पाहत बसता, ती तीन-चार कामे लिहून काढा. चित्रफीत एन्कोड होण्याची वाट, मोठा प्रोग्राम कंपाइल होण्याची वाट, गेममध्ये गर्दीच्या जागी अडखळणारे चित्र. ज्या कामांत वाट पाहावीच लागत नाही (पत्र टाइप करणे, ब्राउझरमध्ये दोन-चार पाने उघडणे), ती यादीत नकोत. तिथला फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मग प्रत्येक काम किती कोअर वापरते ते पाहा. टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) आलेखावर उजवे बटण दाबून ‘लॉजिकल प्रोसेसर’ निवडा आणि काम सुरू करा. एक-दोन चौकोन भरले आणि बाकीचे रिकामे राहिले, तर त्या कामाला एका कोअरचा वेग हवा आहे. सगळे भरले तर कोअरची संख्या कामी येईल. मधला प्रकार सर्वांत जास्त आढळतो, आणि त्याचा हिशेब अ‍ॅमडालच्या नियमाने होतो. कामाचा ९० टक्के भाग वाटून घेता येत असेल, तर ८ कोअरवर वेग ८ पट न होता सुमारे ४.७ पट होतो. कोअर दुप्पट करून १६ केले, तरी ६.४ पटच. उरलेला १० टक्के भाग एकाच कोअरला रेटावा लागतो आणि बाकीचे पंधरा तेवढा वेळ बसून राहतात.

दुसरी पायरी: कागदावरची माहिती

तपशीलपत्रक वाचायचे ते निकाल लावण्यासाठी नव्हे. दोन प्रोसेसरमध्ये नेमके काय वेगळे आहे आणि कुठली चाचणी तो फरक उघडा पाडेल, हे कळावे म्हणून वाचायचे.

क्लॉकची तुलना फक्त एकाच रचनेच्या प्रोसेसरमध्ये चालते. २००४ मध्ये पेंटियम ४ चा क्लॉक ३.८ गीगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता. २००६ मध्ये आलेला २.४ गीगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ ई६६०० त्याला सहज मागे टाकत असे, कारण एका ठोक्यात तो जास्त काम उरकत असे.

कोअरच्या संख्येतही असाच चकवा आहे. कोअर आय९-१३९००के मध्ये २४ कोअर आहेत, पण त्यातले ८ मोठे आणि १६ लहान. मोठे कोअर प्रत्येकी दोन थ्रेड चालवतात, लहान एकच, म्हणून एकूण ३२ थ्रेड. रायझन ९ ७९५०एक्स मध्ये १६ कोअर आहेत, सगळे एकाच प्रकारचे, आणि थ्रेड तेवढेच, ३२. इथे २४ आणि १६ या आकड्यांची वजाबाकी करून काहीच कळत नाही.

नावांवर तर अजिबात विसंबू नका. रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६०० या दोघांत ६ कोअर, १२ थ्रेड, दोघांवर ६५ वॅट लिहिलेले. पण ५५०० मध्ये एल३ कॅश १६ मेगाबाइट आणि पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्ड जोडणारी वाट) ३.०, ५६०० मध्ये ३२ मेगाबाइट आणि ४.०. नावातला शंभराचा फरक हा क्लॉकपुरता नाही. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर आतले ग्राफिक्स बंद असते, टी असेल तर विजेची मर्यादा कमी असते. एका अक्षराने चाचणीचा निकाल बदलतो, म्हणून वहीत पूर्ण नाव लिहा.

वॅटचा आकडा सगळ्यात फसवा. १०५ वॅट लिहिलेला एएम४ प्रोसेसर सॉकेटातून १४२ वॅटपर्यंत घेऊ शकतो. कोअर आय५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलेले असते, पण टर्बोची (थोड्या वेळापुरत्या जादा जोराची) मर्यादा ११७ वॅट आहे. आय९-१३९००के साठी हेच आकडे १२५ आणि २५३. छापलेल्या वॅटवरून ‘हा कमी वीज खातो’ असे ठरवू नका, ते मोजावे लागते.

तिसरी पायरी: दोन्ही बाजू समान करणे

तुलना बिघडते ती बहुतेक वेळा इथेच, म्हणून इथे घाई नको.

रॅम. दोन्ही चाचण्यांना तीच रॅम वापरा, तेवढ्याच पट्ट्या, त्याच वेगाने. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या बसवायच्या असतील, तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. शेजारशेजारच्या खाचांत बसवल्या तर संगणक निमूटपणे चालू होतो, कसलीही तक्रार करत नाही, पण बऱ्याचदा एकच चॅनेल चालतो. डीडीआर४-३२०० चा एक चॅनेल सेकंदाला २५.६ गीगाबाइट वाहून नेतो, दोन चॅनेल ५१.२. पट्ट्या चुकीच्या खाचांत गेल्या तर अर्धी वाट बंद, आणि दोष प्रोसेसरच्या माथी.

पट्टीवर छापलेला वेग आपोआप मिळत नाही, हे नवख्यांना सहसा माहीत नसते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यात) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमच्या वेगाचे प्रोफाइल चालू करावे लागते, नाहीतर डीडीआर४ ची ३२०० ची पट्टी २१३३ किंवा २४०० वर रेंगाळते. प्रोसेसर बदलल्यावर अनेक बोर्ड बायोसच्या सगळ्या सेटिंग पूर्ववत करतात, म्हणून दुसऱ्या चाचणीच्या वेळी हे प्रोफाइल बंद झालेले असण्याची शक्यता दाट. रिसायझेबल बार ही ग्राफिक्स कार्डाची सेटिंगही अशीच गुपचूप बंद पडते. खात्री करण्यासाठी सीपीयू-झेड उघडून मेमरी टॅब पाहा. तिथे दिसणारी फ्रिक्वेन्सी छापील वेगाच्या निम्मी असते. ३२०० साठी साधारण १६०० दिसले की ठीक. १०६६ दिसले की प्रोफाइल बंद आहे.

एक प्रोसेसर डीडीआर४ चा आणि दुसरा डीडीआर५ चा असेल, तर रॅम समान ठेवताच येणार नाही. मग ही तुलना प्रोसेसरची न राहता अख्ख्या जोडणीची होते. तीही उपयोगाची असते, फक्त निकालासोबत तसे लिहा.

विजेची मर्यादा. काही मदरबोर्ड इंटेलच्या प्रोसेसरची मर्यादा मुळातच उठवून टाकतात. बायोसमध्ये मर्यादेच्या जागी ४०९५ वॅट दिसले, तर बोर्डाने लगाम काढून ठेवला आहे असे समजा. एएमडीच्या बोर्डांवर पीबीओ नावाची सेटिंग हेच काम करते. एका बाजूला लगाम आणि दुसऱ्या बाजूला मोकळे रान, अशी शर्यत लावू नका. दोन्हीकडे निर्मात्याने ठरवलेली मर्यादा घाला आणि ती वहीत लिहा.

कूलर आणि पेस्ट. दोन्हीला तोच कूलर, पंख्याचा तोच वेग, खोलीचे तापमान शक्यतो दोन-तीन अंशांच्या आत. दुपारी एक आणि पहाटे दुसरा अशी चाचणी घेतली, तर आधीच तापलेला प्रोसेसर क्लॉक कमी करतो आणि हवामानाचा फरक प्रोसेसरच्या खात्यात जमा होतो.

प्रोसेसर बदलतानाची एक खोड सांगायला हवी. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेटाची पकड फार घट्ट नसते. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) थंड होऊन चिकटली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर लीव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. त्यावर उपाय असा: बंद करण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे जड काम चालवून पेस्ट मऊ करा, मग वीज बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा, कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळा आणि तो सुटल्याचे हाताला जाणवले की मगच उचला. एलजीए प्रकारात पिना सॉकेटात असतात, तिथे बोट किंवा कापड लागू देऊ नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्याएवढी पुरते.

जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी दोन कामे उरका. मदरबोर्डचे बायोस नव्या प्रोसेसरला ओळखते का, ते निर्मात्याच्या यादीत पाहा आणि गरज असेल तर आत्ताच अपडेट करा. नवा प्रोसेसर बसवल्यावर पडदा काळाच राहिला, तर अपडेट करायला जुना परत बसवावा लागतो. दुसरे, विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. प्रोसेसर बदलला की त्याच्या आतला टीपीएम (या कुलपाची किल्ली जपणारा भाग) बदलतो आणि विंडोज सुरू होतानाच ती की मागते.

विंडोज. दोन्हीकडे तीच आवृत्ती, तेच ड्रायव्हर. विंडोज सिक्युरिटीमधील ‘कोअर आयसोलेशन’खाली ‘मेमरी इंटिग्रिटी’ असते; ती चालू असेल तर काही कामे, विशेषतः गेम, थोडे मंदावतात. ती दोन्हीकडे चालू ठेवा नाहीतर दोन्हीकडे बंद. पॉवर मोडही तोच. संगणक सुरू झाल्यावर दहा मिनिटे त्याला हात लावू नका. अपडेट, फाइलींची यादी बनवणे, अँटिव्हायरसची तपासणी असली कामे याच वेळात मागे चाललेली असतात. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वापर दोन-तीन टक्क्यांवर स्थिरावला की सुरुवात करा.

चौथी पायरी: चाचण्या

तयार चाचण्या दोन-तीन घ्या, बाकी तुमची स्वतःची कामे. तयार चाचण्यांचा मुख्य उपयोग, खरे तर, आपली जोडणी निरोगी आहे ना हे तपासण्याचा. त्याच प्रोसेसरचे इतरांनी नोंदवलेले आकडे आणि तुमचा आकडा यात दहा टक्के तफावत निघाली, तर पुढे जाऊ नका. तिसऱ्या पायरीत काहीतरी सुटले आहे.

सिनेबेंच आर२३ एका चित्राचा रेंडर करते. यात कोअरची संख्या आणि क्लॉक दोन्ही मोजले जातात, रॅमला फारसे काम नसते. तिची अनेक-कोअरची चाचणी मुळात १० मिनिटे पुन्हा पुन्हा चालते. तो वेळ कमी करू नका. कारण असे की इंटेलचे अनेक प्रोसेसर टर्बोच्या मर्यादेवर अर्धा-एक मिनिट धावतात आणि मग मूळ मर्यादेवर उतरतात. आय५-१२४०० वर निर्मात्याची मर्यादा लावून पाहा: सुरुवातीला ११७ वॅटपर्यंत जाण्याची मुभा, थोड्या वेळाने ६५. अर्ध्या मिनिटाची चाचणी घेतली तर फक्त पहिला जोर दिसेल. सिनेबेंच २०२४ ही वेगळी चाचणी आहे, तिचे गुण आर२३ च्या गुणांशी ताडू नका.

सेव्हन-झिपमध्ये टूल्स मेनूत बेंचमार्क असतो. तो दाबण्याचा आणि सोडवण्याचा वेग वेगवेगळा दाखवतो, आणि हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. दाबण्याचे काम रॅमचा प्रतिसाद आणि कॅश यांवर अवलंबून असते. सोडवण्याचे काम कोअरच्या हिशेबी वेगावर आणि पुढची वाट अचूक ओळखण्यावर चालते. रॅमचे प्रोफाइल बंद राहिले असेल, तर पहिला आकडा पडतो आणि दुसरा जवळपास तसाच राहतो. एवढ्या कमी वेळात इतके निदान करून देणारी चाचणी दुसरी नाही. खाली मिळणारा एकत्रित आकडा मात्र सोडून द्या.

गीकबेंच ६ लहान लहान कामांची मालिका चालवते, मध्ये थोडा विसावा घेते, त्यामुळे प्रोसेसर फारसा तापत नाही. रोजच्या वापरातल्या झटकन होणाऱ्या कामांचा अंदाज घ्यायला ठीक. तासभराच्या रेंडरबद्दल ती काही सांगणार नाही. गीकबेंच ५ आणि ६ चे गुणही एकमेकांशी जुळत नाहीत.

आता स्वतःची कामे. तीच फाइल, तीच सेटिंग, सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती. हँडब्रेकमध्ये चित्रफीत एन्कोड करायची असेल तर एक्स२६४ किंवा एक्स२६५ हा एन्कोडर निवडलेला आहे ना, ते पाहा. एनव्हीएन्क किंवा क्विकसिंक निवडले गेले तर काम ग्राफिक्सचा भाग करतो आणि प्रोसेसर बसून राहतो; दोन्ही प्रोसेसरचे आकडे जवळपास सारखे येतात आणि माणूस ‘फरकच नाही’ म्हणून मोकळा होतो. ब्लेंडरमध्येही तसेच: सायकल्सच्या सेटिंगमध्ये ‘सीपीयू’ निवडा. काम तीन-चार मिनिटे तरी चालेल इतके मोठे घ्या.

मोठ्या आणि लहान कोअरच्या प्रोसेसरवर आणखी एक गोष्ट पाळा. चाचणीची खिडकी समोर ठेवा, मिनिमाइझ करू नका. मागे गेलेला प्रोग्राम विंडोज कधी कधी लहान कोअरकडे सोपवते आणि काम कितीतरी लांबते. अकरा नंबरच्या विंडोजला या प्रोसेसरची कामवाटणी दहापेक्षा चांगली जमते, म्हणून आवृत्तीही नोंदवा.

प्रत्येक चाचणी सहा वेळा चालवा. पहिली फेरी धरू नका. तेव्हा फाइल डिस्कवरून वाचली जाते, पुढच्या फेऱ्यांना ती रॅममध्ये तयार मिळते. उरलेल्या पाच फेऱ्यांचे आकडे लिहा.

गेमची चाचणी वेगळी का

गेममध्ये चित्राची एक एक फ्रेम आधी प्रोसेसर तयार करायला घेतो आणि ग्राफिक्स कार्ड रंगवते. दोघांतला जो हळू, त्याच्या वेगाने गेम चालतो. ४के रिझोल्युशन आणि सगळ्या सेटिंग वरच्या टोकाला ठेवल्या, तर कार्डच हळू पडते आणि कुठलाही बरा प्रोसेसर लावला तरी फ्रेम तितक्याच. म्हणून प्रोसेसर मोजायचा तर १०८०पी किंवा त्याहून कमी रिझोल्युशन, चित्राच्या सेटिंग खाली, व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद, फ्रेमची मर्यादा बंद. चाचणी चालू असताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर गेला, तर तो आकडा कार्डाचा आहे. एक अपवाद लक्षात ठेवा: गर्दी किती दिसावी, किती लांबचे दिसावे, अशा काही सेटिंग प्रोसेसरवर भार टाकतात. त्या वरच ठेवा.

या चाचणीवर ‘इतक्या कमी रिझोल्युशनवर खेळतो कोण’ असा आक्षेप येतो. आक्षेप रास्त आहे, पण इथे प्रश्न प्रोसेसरची कमाल क्षमता किती हा आहे. तुमच्या नेहमीच्या सेटिंगवर एक फेरी जरूर घ्या. तिथे दोन्हीचे आकडे सारखे निघाले, तर प्रोसेसर बदलून तुमच्या हाती काही लागणार नाही, आणि हेच कळायला हवे होते.

मोजणीसाठी प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स वापरा. गेममध्ये तयार बेंचमार्क असेल तर तो लावा; नसेल तर गर्दीच्या ठिकाणचा ६० सेकंदांचा ठरावीक मार्ग दर वेळी तसाच चाला. सरासरी फ्रेमसोबत ‘१ टक्का लो’ नोंदवा. ६० सेकंदांत सरासरी १२० च्या वेगाने ७२०० फ्रेम होतात. त्यातल्या सर्वांत उशिरा आलेल्या ७२ फ्रेम म्हणजे तुमच्या डोळ्यांना जाणवलेले अडखळणे. एक सॉफ्टवेअर या ७२ फ्रेमची सरासरी देते, दुसरे त्या गटाच्या सीमेवरची फ्रेम देते, आकडे वेगळे येतात. दोन्ही प्रोसेसरना एकच सॉफ्टवेअर लावा म्हणजे झाले.

पाचवी पायरी: हिशेब

समजा एका कामाला पहिल्या प्रोसेसरवर लागलेले सेकंद असे आले: १७२, १७१, १७४, १७१, १८९. दुसऱ्यावर: १६५, १६६, १६४, १६७, १६६. सरासरी काढली तर १७५.४ आणि १६५.६, म्हणजे दुसरा सुमारे ५.९ टक्के वेगवान. पण ते १८९ कुठून आले? त्या फेरीत मागे काहीतरी सुरू झाले असणार. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचला: १७२ आणि १६६. आता फरक ३.६ टक्के. एका बिघडलेल्या फेरीने फरक दीडपटीहून जास्त फुगवला होता. म्हणून सरासरीपेक्षा मधला आकडा बरा. आणि एकाच प्रोसेसरच्या फेऱ्यांमध्येच दोन टक्के चढउतार दिसत असेल, तर दोन प्रोसेसरमधला दीड टक्क्याचा फरक बरोबरीत धरा.

वेळ आणि वेग यांची टक्केवारी वेगळी असते. काम १२० सेकंदांवरून ९० वर आले, तर वेळ २५ टक्के वाचला, पण वेग ३३ टक्के वाढला (१२० भागिले ९०, म्हणजे १.३३). दोन्ही विधाने खरी आहेत. जाहिरातीत मोठा आकडा वापरतात एवढेच. वहीत सगळीकडे एकच पद्धत ठेवा. जुना वेळ भागिले नवा वेळ ही सोयीची. गुण किंवा फ्रेम असतील तर उलट, नवा भागिले जुना.

सगळ्या चाचण्यांचा मिळून एक आकडा हवाच असेल, तर गुणोत्तरांची साधी सरासरी काढू नका. एका कामात पहिला दुप्पट वेगवान (२) आणि दुसऱ्या कामात निम्मा (०.५) असेल, तर साधी सरासरी १.२५ येते. बाजू बदलून दुसऱ्या प्रोसेसरच्या नजरेने पाहिले तरी १.२५ च. दोघेही एकमेकांपेक्षा २५ टक्के वेगवान! गुणोत्तरांचा गुणाकार करून मूळ काढा: दोन कामे असतील तर वर्गमूळ, तीन असतील तर घनमूळ. वरच्या उदाहरणात उत्तर १ येते. १.४०, १.१० आणि ०.९० या तीन गुणोत्तरांचे उत्तर १.११५. तरीही गेम, रेंडर आणि फाइल दाबणे अशी आवळ्या-भोपळ्याची मोट बांधून काढलेला आकडा तुमच्या कामाबद्दल थोडेच सांगतो. प्रत्येक कामाची ओळ वेगळी ठेवलेलीच बरी.

वीज आणि तापमान

एचडब्ल्यूइन्फो६४ फक्त सेन्सरच्या रूपात उघडा आणि प्रत्येक चाचणीच्या वेळी ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ (अख्ख्या प्रोसेसरने घेतलेली वीज), तापमान आणि ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ नोंदवा. साधा दाखवला जाणारा क्लॉक कोअर झोपलेला असतानाही चढाच दिसू शकतो. इफेक्टिव्ह क्लॉक झोपेचा वेळ वजा करून दाखवतो.

तापमान जास्त म्हणजे बिघाड, असे सरसकट नसते. रायझन ७००० मालिकेतले एक्स अक्षराचे वरचे प्रोसेसर सगळ्या कोअरवर भार असताना ९५ अंश सेल्सिअसपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत. ५८००एक्स३डी ची मर्यादा ९० आहे. पाहायचे ते एवढेच, की मर्यादेला टेकल्यावर क्लॉक किती उतरला. दहाव्या मिनिटाचा क्लॉक पहिल्या मिनिटापेक्षा बराच खाली असेल आणि पॅकेज पॉवरही घसरलेली असेल, तर ते विजेच्या मर्यादेने झाले की उष्णतेने, हे त्याच खिडकीतल्या मर्यादा दाखवणाऱ्या ओळींत कळते. उष्णतेने झाले असेल तर तुम्ही कूलर मोजला आहे.

विजेची तुलना वॅटने करू नका, एका कामाला लागलेल्या ऊर्जेने करा. २०० वॅट घेऊन १०० सेकंदांत काम संपवणारा प्रोसेसर २०,००० ज्यूल खर्च करतो. १२० वॅटवर १५० सेकंद घेणारा १८,०००. वॅटमध्ये ४० टक्क्यांची दरी, प्रत्यक्ष खर्चात १० टक्क्यांची. रिकामे बसल्यावर किती वीज जाते तेही पाहा. बहुतेक संगणक दिवसाचा मोठा भाग रिकामेच असतात. भिंतीच्या सॉकेटला लावायचा वीजमापक असेल तर उत्तम, पण तो ग्राफिक्स कार्ड, पंखे आणि पॉवर सप्लायचे नुकसान धरून आकडा देतो.

हातात एकच प्रोसेसर असेल तर

बहुतेकांची स्थिती हीच असते: जुना जवळ आहे, नवा घ्यायचा आहे. तेव्हा दुसऱ्याचे आकडे वापरावे लागतात. ज्या चाचणीकर्त्याने रॅमचा वेग, विजेची मर्यादा, कूलर, विंडोजची आवृत्ती आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहिली आहे, त्याचेच घ्या. हजारो लोकांनी पाठवलेल्या निकालांच्या सरासरीत एका पट्टीवर चालणारे, तापलेले, ओव्हरक्लॉक केलेले (ठरलेल्यापेक्षा जास्त क्लॉकवर चालवलेले) असे सगळे संगणक मिसळलेले असतात. बाजारात फारसे न खपलेल्या प्रोसेसरचे तर त्यात मोजकेच निकाल असतात.

असा चाचणीकर्ता निवडा ज्याने तुमचा जुना प्रोसेसरही मोजला आहे. तीच चाचणी, त्याच आवृत्तीत, तुमच्या संगणकावर चालवा. समजा त्याच्याकडे जुन्याला १५० सेकंद आणि नव्याला १०० लागले, आणि तुमच्याकडे जुन्याला १६५ लागतात. तर नव्याला तुमच्याकडे ११० च्या आसपास लागतील असे धरा; गुणोत्तर त्याचे, मूळ आकडा तुमचा. तुमचे १६५ हे त्याच्या १५० पेक्षा दहा टक्क्यांनी जास्त का, हे मात्र आधी शोधा. रॅमची पट्टी चुकीच्या खाचेत निघाली, तर कदाचित नवा प्रोसेसर घ्यायची गरजच पडणार नाही.